पेसमेकर आहे म्हणून परत पाठवू नका

एमआरआयच्या, म्हणजे मोठ्या चुंबकाने शरीराच्या आतलं चित्र काढणाऱ्या मशीनच्या, खोलीत सोडण्याआधी पेशंटला विचारायचे प्रश्न मला आता झोपेतही पाठ आहेत. डोक्याचं ऑपरेशन झालंय का, कानात मशीन आहे का, हाडात रॉड-प्लेट आहे का, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हृदयात काही बसवलंय का. मिरजेत आमच्याकडे येणारे बरेच पेशंट बाहेरगावचे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडे अथणी, चिकोडी, विजापूर. म्हातारी माणसं पहाटेच्या एसटीने येतात, हातात जुन्या फिल्म आणि रिपोर्टांची पिशवी. प्रश्न सुरू झाले की आजोबा मुलाकडे बघतात, मुलगा बायकोकडे बघतो आणि उत्तर येतं, "न्हाई, काय न्हाई."

मग दागिने. आज्या मंगळसूत्र काढायला चटकन तयार होत नाहीत. जोडवी तर वर्षानुवर्षांची, बोटात रुतून बसलेली, साबण लावून हळूहळू सोडवावी लागतात. आजोबांच्या कमरेला करदोडा, बंडीच्या खिशात चुन्याची डबी आणि अडकित्ता. हे सगळं ट्रेमध्ये ठेवता ठेवता माझी नजर डाव्या खांद्याच्या आतल्या बाजूला, कॉलरबोनच्या खाली जाते. तिथे कातडीखाली काड्यापेटीएवढा एक चपटा उंचवटा असतो आणि त्यावर जुन्या टाक्यांची रेघ. दोन बोटांनी हलकेच दाबलं की कडा लागतात.

"आजोबा, हे काय?"

"ते व्हय? ती बॅटरी हाय."

आजोबांना काही लपवायचं नसतं. त्यांच्या लेखी ऑपरेशन म्हणजे पोट फाडतात ते. हे बसवून आठ-दहा वर्षं झाली, त्यानंतर एकदाही चक्कर आली नाही, मग त्याची आठवण तरी कशाला राहील? पेसमेकर, म्हणजे हृदयाला ठोके देणारं हे यंत्र, नीट चालतं म्हणूनच विसरलं जातं. म्हणून मी शब्दांवर कधीच अवलंबून राहत नाही. बोटांनी चाचपून बघते, आणि नव्या मुलांनाही तेच शिकवते.

खरी गोष्ट याच्या पुढे सुरू होते. पेसमेकर सापडल्यावर काय करायचं? वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर एकच होतं: कागदावर "पेसमेकर आहे, एमआरआय शक्य नाही" असं लिहायचं आणि परत पाठवायचं. आजही कितीतरी सेंटरवर हेच चालतं. फोनवर नुसतं "पेसमेकर" म्हटलं की पलीकडून नन्नाचा पाढा सुरू. त्या एका ओळीने म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, ते मी फार जवळून बघितलंय, म्हणून हे लिहायला बसले.

आधी हे सांगायला हवं की ती बंदी उगाच आलेली नव्हती. पेसमेकर एमआरआयपेक्षा जुना. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन नावाच्या ४३ वर्षांच्या माणसाच्या शरीरात पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर घातला गेला. शस्त्रक्रिया डॉ. ओके सेनिंग यांनी केली, यंत्र रूने एल्मक्विस्ट या अभियंत्याने बनवलं होतं, आणि हे घडवून आणण्यासाठी त्या दोघांच्या मागे लागली होती लार्सनची बायको एल्से-मारी. यंत्राभोवतीचं रेझिन ओतायला साचा म्हणून बूटपॉलिशची डबी वापरली होती. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन आयुष्यभरात पंचविसाहून अधिक पेसमेकर घेऊन २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले; त्यांचा सर्जन आणि त्यांचा इंजिनिअर दोघेही त्यांच्या आधी गेले. मला ही गोष्ट फार आवडते. एका बाईने डॉक्टरांचा पिच्छा सोडला नाही म्हणून जगातल्या लाखो माणसांची छाती आज ठोके देतेय.

माणसाच्या शरीराचं पहिलं एमआरआय चित्र त्यानंतर जवळजवळ १९ वर्षांनी, १९७७ च्या जुलैमध्ये निघालं, आणि ही मशीन्स रुग्णालयांत आली ती ऐंशीच्या दशकात. तोवर पेसमेकर घेतलेली माणसं जगभर झाली होती, आणि ते पेसमेकर बनवताना कुणाच्या स्वप्नातही असं चुंबक नव्हतं.

आमच्या मशीनची ताकद १.५ टेस्ला. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. शिवाय ते चुंबक कधीच बंद होत नाही. आवाज थांबला की मशीन बंद झालं असं लोकांना वाटतं, पण आतली तारांची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवलेली असतात आणि त्यांतला प्रवाह रविवारी मध्यरात्रीही फिरत असतो. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाइकाचा स्कॅन करायला आलेला एक तरुण हातात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत शिरला, चुंबकाने त्याला सिलिंडरसकट ओढून घेतलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या बातमीनंतर कितीतरी दिवस आमच्या दारावरून आत पाऊल टाकताना माझ्या पोटात गोळा यायचा.

पेसमेकरच्या बाबतीत मात्र ओढलं जाणं हा सर्वांत मोठा धोका नाही. आजच्या पेसमेकरमध्ये लोखंडाचा अंश फारच थोडा असतो आणि काही आठवड्यांत पेसमेकर आतल्या मांसात पक्का बसलेला असतो. धोका वेगळ्या वाटांनी येतो. पेसमेकरच्या डबीपासून हृदयापर्यंत एक किंवा दोन तारा जातात, शिरेतून आत, आणि त्यांची टोकं हृदयाच्या स्नायूत रुतलेली असतात. स्कॅन चालू असताना मशीन रेडिओलहरी सोडतं. त्या लहरी लांब धातूच्या तारेत अँटेनासारख्या शिरू शकतात आणि तारेचं टोक तापतं. टोकाजवळचा स्नायू भाजला तर तिथे वण पडतो, आणि पूर्वी जेवढ्या विजेने ठोका पडायचा तेवढ्याने मग पडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गैरसमज. पेसमेकर सतत हृदयाचं ऐकत असतो. हृदयाने स्वतः ठोका दिला की हा गप्प बसतो, नाही दिला की देतो. स्कॅनमधल्या झपाट्याने बदलणाऱ्या चुंबकक्षेत्राचा गोंगाट त्याला हृदयाचे ठोके वाटला, तर तो गप्प बसेल. ज्याचं हृदय सर्वस्वी पेसमेकरवर आहे, त्याच्यासाठी ते गप्प बसणं जिवावरचं आहे. शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी, असेल तर उलटं होऊ शकतं: तोच गोंगाट त्याला जीवघेणी लय वाटून ते शुद्धीतल्या माणसाला शॉक देऊ शकतं. सुरुवातीच्या वर्षांत पेसमेकर असल्याचं कळलंच नाही, किंवा कळूनही देखरेख ठेवली नाही, अशा स्कॅनमध्ये काही माणसं दगावली. बंदी आली ती त्यातून, आणि त्या वेळी ती योग्यच होती.

पण गोष्ट तिथे थांबली नाही, आणि आपल्याकडच्या पुष्कळ सेंटरांपर्यंत पुढची गोष्ट अजून पोचलेलीच नाही. कंपन्यांनी तारा आणि यंत्रं नव्याने घडवली. अटी पाळून एमआरआय करता येईल अशा पहिल्या पेसमेकरला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली, आयसीडीला २०१५ मध्ये. आज बसवले जाणारे बरेचसे पेसमेकर या जातीचे असतात. बिनतारी पेसमेकरही निघाले आहेत. वजन २ ग्रॅमच्या आसपास, व्हिटॅमिनच्या कॅप्सूलएवढा, थेट हृदयाच्या आत बसतो. तारच नाही म्हटल्यावर तापण्याची भीतीही फारशी उरत नाही.

जुन्या यंत्रांचं काय? त्याचंही उत्तर २०१७ मध्ये आलं. त्या वर्षी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन मोठे अभ्यास छापून आले. एकात एमआरआयसाठी न बनवलेले पेसमेकर असलेल्यांचे १००० आणि आयसीडीवाल्यांचे ५०० स्कॅन होते, छाती सोडून शरीराच्या इतर भागांचे, १.५ टेस्लावर. एकही मृत्यू नाही, एकही तार निकामी नाही. एकच आयसीडी लगेच बदलावं लागलं, आणि त्या पेशंटचं यंत्र स्कॅनआधी ठरलेल्या पद्धतीने सेट केलेलं नव्हतं. दुसऱ्यात १५०९ पेशंटचे २१०३ स्कॅन होते, त्यांत छातीचेही होते. थोड्या जणांची यंत्रं स्कॅनमध्ये आपोआप मूळ सेटिंगवर गेली, ती पुन्हा सेट करता आली; बॅटरी अगदी संपत आलेला एक पेसमेकर मात्र पुन्हा सेट होईना, तो बदलावा लागला. पुढच्या वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने अशा जुन्या यंत्रांच्या पेशंटचा एमआरआय अटींसह आपल्या खर्चात घेतला. म्हणजे "करायचाच नाही" हा नियम तिकडे मोडीत निघून आता बरीच वर्षं झाली. पण हे सगळं "काळजी घेतली तर" या अटीवर उभं आहे, तेव्हा ती काळजी म्हणजे नक्की काय, ते एका आजींच्या निमित्ताने सांगते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. पाठीत महिनोन्‌महिने दुखत होतं, मग पायांतली ताकद जायला लागली. आमच्याकडे आणलं तेव्हा दोघांनी धरून उभं करावं लागत होतं. पेसमेकर म्हणून दोन-तीन ठिकाणांहून परत पाठवलेलं. सीटी स्कॅन झाला होता; सीटी पेसमेकरवाल्यांना जवळजवळ नेहमीच करता येतो, सोनोग्राफी आणि एक्स-रेला तर काहीच हरकत नाही. पण मज्जारज्जू नेमका कुठे आणि किती दाबला गेलाय हे सीटीत नीट दिसत नाही. त्यासाठी एमआरआयच लागतो.

मुलगा म्हणत होता, "म्याडम, आमचा एमआरआयवालाच पेसमेकर हाय. जास्तीचे पैसे देऊन घेतलाय." कार्ड? कार्ड गावाकडे, ट्रंकेत, एलआयसीच्या कागदांसोबत. पुतण्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. कार्डावर डबीचा मॉडेल नंबर होता आणि ती डबी खरोखरच एमआरआयवाली होती. पण तारांच्या रकान्यात जी तारीख होती ती दहा वर्षं जुनी. म्हणजे पहिली बॅटरी संपल्यावर डबी नवी बसवली, तारा आधीच्याच ठेवल्या. ते चूकही नाही. चालू तारा काढणं हेच मोठं जोखमीचं काम असतं. पण डबी आणि तार दोन्ही त्या जातीच्या असतील तरच यंत्र एमआरआयसाठी मान्य ठरतं. निम्मं नवं, निम्मं जुनं असेल तर ते सगळंच जुन्यात जमा. हे त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने पैसे भरले, पावती जपून ठेवली, आणि आईचं पुढचं सोपं झालं अशा समजात तो होता.

आम्ही आधी छातीचा एक्स-रे काढला. पेसमेकरवाल्याचा एक्स-रे मी नेहमी जरा जास्त वेळ बघते. डबीपासून निघालेली तार डोळ्यांनी धरायची आणि शेवटपर्यंत जायचं. कुठे तुटलीय का, कुठे जोड लावलाय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादी तार डबीला न जोडलेली, नुसतीच शिरेत सोडून दिलेली आहे का. अशा सोडलेल्या तारेचं टोक जास्त तापू शकतं, म्हणून तिथे विचार आणखी सावधपणे करावा लागतो. आजींच्या छातीत दोनच तारा होत्या, दोन्ही जोडलेल्या. बसवून सहा आठवडे उलटून गेलेत का तेही बघतात; इथे तर वर्षं झाली होती. बॅटरी भरपूर.

मग आमच्या रेडिऑलॉजिस्ट सरांनी कार्डिऑलॉजिस्टना फोन केला. मला वाटतं सगळं प्रकरण या एका फोनपाशी येऊन ठरतं. तो करायला पाच मिनिटं लागतात आणि तो न करता "होणार नाही" म्हणायला पाच सेकंद. सर म्हणाले, पायांतली गेलेली ताकद परत येण्याची आशा आहे तोवर बघायलाच हवं. मुलाला बसवून धोका काय, फायदा काय हे त्याच्या भाषेत सांगितलं, सही घेतली. कंपनीचा माणूस प्रोग्रॅमर घेऊन कोल्हापूरहून आला. प्रोग्रॅमर म्हणजे लॅपटॉपसारखं यंत्र. त्याला जोडलेला चकतीसारखा भाग छातीवर ठेवला की कातडीखालच्या पेसमेकरशी त्याचं बोलणं सुरू होतं. स्कॅनआधीचे सगळे आकडे लिहून घेतले: तारांचा विरोध, ठोका पडायला लागणारा किमान व्होल्ट, हृदयाचे स्वतःचे संकेत किती येतात, बॅटरी. आजींचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर होतं. म्हणून त्यांचा पेसमेकर अशा सेटिंगवर टाकला की तो आता हृदयाचं काही ऐकणारच नाही, ठरलेल्या गतीने ठोके देत राहील. कितीही गोंगाट झाला तरी गप्प बसणार नाही. आयसीडी असतं तर शॉकची सोय स्कॅनपुरती बंद केली असती, आणि मग ती परत चालू केली का हे दोघांनी तपासलं असतं, कारण ती बंद राहून पेशंट घरी गेला तर त्याच्यासारखी भयंकर गोष्ट नाही.

आत घेतलं. बोटाला पल्स ऑक्सिमीटर, कारण चुंबकात ईसीजीची रेघ वेडीवाकडी होते, बोटातल्या नाडीवर विश्वास ठेवता येतो. डीफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला बाहेरून शॉक देणारा, खोलीबाहेर तयार. तो आत नेता येत नाही, गरज पडलीच तर पेशंटला बाहेर घ्यायचं. कार्डिऑलॉजिस्ट स्वतः कंट्रोल रूममध्ये खुर्ची टाकून बसले. आम्ही लागणारेच सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचे टप्पे, घेतले, रेडिओलहरींची मात्रा कमी ठेवून. मधे मधे मी माइकवर विचारत होते, "आजी, छातीत गरम वाटतंय का? धडधडतंय का?" आणि आतून आवाज यायचा, "न्हाई गं पोरी. आवाजच लई हाय तुझ्या मशीनचा." काचेपलीकडे त्यांचे पाय तेवढे दिसत होते. स्क्रीनवर नाडी ७० वर स्थिर. एवढा वेळ एकाच आकड्याकडे टक लावून बसायची पाळी माझ्यावर क्वचितच आली असेल.

बाहेर आल्यावर पुन्हा प्रोग्रॅमर, पुन्हा तेच आकडे. सगळे आधीसारखेच. सेटिंग पूर्ववत केलं.

मणक्यात टीबी निघाला. दोन मणके पोखरलेले, पू साठून मज्जारज्जूवर दाब. टीबी म्हणजे उपचार असलेला आजार. सर्जनने दाब मोकळा केला, गोळ्या सुरू झाल्या, आणि काही महिन्यांनी त्या काठी टेकत तपासणीला आल्या तेव्हा मुद्दाम आमच्या खोलीत डोकावून गेल्या. परत पाठवण्यात जे आठवडे गेले ते आधीच गेले नसते तर काठीही लागली नसती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पेसमेकर ज्यांना लागतो ती माणसं बहुतेक वयस्कच, आणि पक्षाघात, मणक्याचे आजार, कॅन्सर हेही त्याच वयात येतात. पेसमेकर घेतलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पुढे कधी ना कधी एमआरआयची गरज पडू शकते, असा जाणकारांचा अंदाज आहे. या माणसांसाठी ही तपासणी चैन म्हणून धरता येत नाही.

मला विचारायला नातेवाइकांचे फोन येतात, बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी: "एमआरआयवाला घ्यायचा का साधा?" ऐपत असेल तर एमआरआयवालाच घ्या, पण डबीबरोबर तारांचंही विचारा आणि डिस्चार्ज कार्डावर दोन्हींचे मॉडेल नंबर लिहून घ्या. पैसे कमी पडत असतील तर त्यासाठी पेसमेकर लांबणीवर टाकू नका. साधा बसवला म्हणून एमआरआयचं दार कायमचं बंद होत नाही. कार्डाचा फोटो घरातल्या दोन-तीन जणांच्या फोनमध्ये असू द्या, मूळ कार्ड आजोबांच्या बंडीच्या खिशात. आणि गुडघेदुखीवर म्हणून जे चुंबकाचे पट्टे आणि गाद्या दारोदार विकतात, त्या पेसमेकरवाल्या घरात आणूच नका. मोबाइलसुद्धा छातीच्या खिशात, पेसमेकरवर ठेवायचा नाही.

आमच्या फॉर्मवर आता "पेसमेकर आहे का" याच्या खाली डबीचा नंबर, तारांचे नंबर, बसवल्याची तारीख आणि कार्डिऑलॉजिस्टचा फोन अशा चार ओळी आहेत. त्या भरल्याशिवाय कुणी पेशंटला नाही म्हणायचं नाही, असं आमच्याकडे ठरलंय. अडतं ते रात्री. प्रत्येक कंपनीचा प्रोग्रॅमर वेगळा, एकाचा दुसऱ्याच्या पेसमेकरला चालत नाही, आणि तो असतो कंपनीच्या माणसाच्या गाडीत. पाय लुळे पडत चाललेला पेशंट शनिवारी रात्री अकराला आला तर आम्ही सोमवारची वाट बघायची का? मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत प्रोग्रॅमर कायमचे ठेवलेले असतात. सांगली-मिरजेएवढ्या भागासाठी मुख्य कंपन्यांचा एकेक प्रोग्रॅमर एखाद्या रुग्णालयात ठेवायला आणि तो चालवायला दोन माणसं तयार करायला किती खर्च येतो, ते काढून द्या असं मी सरांच्या मागे लागले आहे.